आगाऊ मंडळातली माझी थोरली

उज्ज्वलाताई,

तुला ताई म्हटलेलं आवडत नव्हतं. "नुसतं उज्ज्वला म्हण, नायतर उजी म्हण. वकील झालीस, समोरच्या साक्षीदारांना घाम फोडतीस, आणि मला अजून ताई कसली म्हणतीस?" असं तू कितीदा तरी ऐकवलंस. मी दर वेळी "बरं ताई" म्हणायचे आणि तू फोन ठेवून द्यायचीस. हे भांडण मी जिंकलं असं आता म्हणता येईल, कारण समोरची बाजू हजर नाही. पण असा एकतर्फी निकाल मला कधीच गोड लागला नाही, आणि आज तर मुळीच नाही.

तुला निरोप देऊन आलो त्याला महिनाही झालेला नाही. तुझ्यावर काहीतरी लिही म्हणून नसरीन मागं लागली. "तू लिख मनीषा, मैं लिखने बैठी तो रोतेच बैठती," असं म्हणाली. वर एक अटही घातली. उज्ज्वला किती चांगली होती, हे लिहायचं नाही. तिनं काय केलं ते लिहायचं. तुमच्या दोघींची मैत्री इतकी जुनी, तिचं ऐकायलाच हवं. म्हणून जे झालं तेच लिहिते. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं, ते कदाचित माहीत नसेल.

मी फुलंब्रीहून रोज सकाळच्या बसनं शहरात कॉलेजला यायचे. आमच्या घरात बारावीच्या पुढं शिकणारी मी पहिलीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात सरांनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं, आणि मी घरी बोलतो तसं "हाय सर" म्हणून मोकळी झाले. हाय म्हणजे आहे, हजर आहे. मागच्या बाकावरून एकानं हात हलवून "हाय मनीषा!" केलं आणि सगळा वर्ग खदाखदा हसला. सरसुद्धा हसले. मग जिन्यात, सायकल स्टँडवर, कँटीनपाशी, जिथं दिसेन तिथं "हाय!" सुरू झालं. मी हजेरीला उत्तर द्यायचंच सोडलं. वर्गात बसलेली असायचे, शिकवलेलं उतरून घ्यायचे, आणि कॉलेजच्या लेखी मात्र गैरहजर.

ऑफिसच्या खिडकीशी क्लार्क मला सांगत होते, की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. तू माझ्या मागं उभी होतीस. मला खिडकीपासून बाजूला ओढून उलटतपासणी सुरू केलीस.

"रोज येतीस?"

"व्हय."

"वर्गात बसतीस?"

"व्हय."

"मग हजेरी का नाय?"

मी वहीचा कोपरा दुमडू लागले.

"तोंड उघड की. दातखिळी बसली का?"

मी सगळं सांगितलं. तूही हसशील अशी माझी खात्री होती. तू हसली नाहीस. तुला राग आला, आणि तो राग माझ्यासाठी होता. माझ्या बाजूनं कुणाला राग येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. "चल," एवढंच म्हणालीस आणि मला लायब्ररीच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेलीस. तिथं एका मोडक्या सिमेंटच्या बाकावर आणि बाकाभोवती जमिनीवर आठदहा मुली डबे उघडून बसल्या होत्या.

"हे आगाऊ मंडळ," तू म्हणालीस.

नाव कुठून आलं ते नसरीननं सांगितलं. मुलींच्या संडासाला कडी नव्हती. तुम्ही चौघी जाऊन कडी मागितलीत. कडी मिळाली नाही, म्हणून रोज जाऊन मागितलीत. शेवटी एक सर वैतागून म्हणाले, या मुली फार आगाऊ आहेत. कडी बसली आणि नावही बसलं. "गाली फुकट में मिली, हम रख लिए," नसरीन म्हणाली. ती शहागंजातली, बापाचं कापडाचं दुकान. तू बजाजनगरची, वडील वाळूजला कंपनीत. बाकीच्या कुणी कन्नडच्या, कुणी पैठणच्या, कुणी नात्यातल्या घरी राहणाऱ्या, कुणी खोली करून. घरच्यांनी विश्वासानं पाठवलंय आणि इथं ओळखीचं कुणी नाही, एवढीच काय ती सगळ्यांची सारखी गोष्ट.

मंडळात येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलीला एक थोरली मिळायची. थोरलीनं धाकटीची पुस्तकं बघायची, बस बघायची, आजारी पडली तर डबा बघायचा, आणि ती रडली तर कारण काढल्याशिवाय सोडायचं नाही. मात्र आत यायचं तर एक परीक्षा होती. त्या बाकावर उभं राहून आपल्या घरच्या बोलीत, मोठ्या आवाजात, आपल्याला पक्कं माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीवर बोलायचं. ऐकताना कुणी बोलीला हसलं, तर तिनं सगळ्यांना चहा पाजायचा.

मला चार दिवस बाकावर चढवेना. पाचव्या दिवशी तू म्हणालीस, "तुला काय येतं तेवढं सांग. चढू नको, खालूनच सांग." मी म्हटलं, मला अद्रक लावता येते. "मग सांग." मी सुरू केलं. बेणं कसं निवडायचं, डोळा कसा बघायचा, गादीवाफा कसा करायचा, पाणी जास्त झालं की कंद कसा सडतो, आणि सडका कंद नुसत्या वासावरून आमची आई कशी ओळखती. बोलता बोलता मी बाकावर कधी चढले ते मला कळलं नाही. "मग बुड असं हिसकाडायचं" म्हणताना मी हातानं करून दाखवलं, तेव्हा नसरीन फसकन हसली. तू लगेच बोट दाखवलंस. "चहा!" नसरीन शपथा घेऊन सांगत होती, की मी बोलीला नाही, हिच्या हाताला हसले. कुणी ऐकलं नाही. तो चहा पिताना मी कॉलेजात पहिल्यांदा पोटभर हसले. आणि तू सांगून टाकलंस, "ही माझी."

दुसऱ्या दिवशी तू माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिलीस. स्वतःचा तास सोडून. माझं नाव आलं. मी उठून उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून "हाय सर" म्हटलं. मागून पुन्हा तेच सुरू झालं. तू दारातून आत बघत होतीस. मी खाली बसले नाही. सगळे गप्प होईपर्यंत उभी राहिले. सरांनी हजेरी लावली. तू निघून गेलीस, पण त्या दिवसापासून मी हजर आहे.

मंडळात आम्ही एकमेकींना काय काय शिकवायचो ते आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. कन्नडची एकजण गणित सोडवून द्यायची. नसरीन हिशेबानं भाव कसा करायचा ते शिकवायची, अन् शिव्या न देता शिव्या कशा द्यायच्या तेही. तू आवाज शिकवायचीस. मैदानाच्या एका टोकाला मला उभं करायचीस आणि दुसऱ्या टोकाला स्वतः जायचीस. "ओरडू नको, बोल! मला ऐकू आलं पायजे!" आणि रविवारी आम्हाला शहरामागच्या डोंगरातल्या लेण्यांत न्यायचीस. तुला गाइड व्हायचं होतं, अजिंठ्याला. त्यासाठी आम्ही तुझे फुकटचे टुरिस्ट. मी पहिल्यांदा बुद्धाच्या मूर्तीसमोर गेले आणि देवळातल्यासारखे डोळे मिटून हात जोडले. तू माझ्या खांद्यावर टपली मारलीस. "डोळे मिटून काय दिसंल? हात जोड, पण आधी बघ." तुझ्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी बुद्धाची. लहानपणापासून तू हात जोडत आलेली. तरी तूच म्हणायचीस, आधी बघ.

मग ते गॅदरिंग आलं. मी दुसऱ्या वर्षाला, तू शेवटच्या. सूत्रसंचालन दरवर्षी एखाद्या शहरातल्या मुलाकडं जायचं, गुळगुळीत बोलणाऱ्या, मधूनमधून शेर टाकणाऱ्या. मंडळानं मागणी केली की यंदा माईक मुलीकडं द्या. पुष्कळ तकरार होऊन ती मान्य झाली. सगळ्यांना वाटलं तू करणार. तू माझं नाव दिलंस.

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडायला आले. "तुला येतं ना सगळं? तूच कर."

"मला येतंच," तू म्हणालीस. "येणारीनं करून काय उपयोग?"

नाव बोर्डावर लागलं. आमच्याच गावचा एक जण त्या कॉलेजात होता. त्यानं आमच्या घरी जाऊन माझ्या वडिलांना, अप्पांना, सांगितलं, तुमची मनीषा हजार पोरांपुढं माईक घेऊन उभी राहणार आहे. अप्पांनी मला काही विचारलं नाही. गॅदरिंगच्या दिवशी दुपारी सरळ कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, टोपी, हातात रिकामी पिशवी. मी तेव्हा स्टेजमागं होते, मला काही पत्ता नव्हता. फाटकावर तू होतीस, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून. पुढचं मला नसरीननं सांगितलं.

"मनीषाला न्यायला आलोय," अप्पा म्हणाले. "दाखला पण काढायचाय."

"न्या की काका," तू म्हणालीस. "पण माईक तिच्या हातात हाय. तो कुणाच्या तरी हातात देऊन मगच तिला निघता येईल. तोवर बसा."

आणि तू त्यांना पाहुण्यांसाठी राखलेल्या दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलंस. शेजारी एक नगरसेवक, पलीकडं एक निवृत्त प्राचार्य. चहा आणून हातात दिलास. चारचौघांत उठून जायची अप्पांची पद्धत नाही. ते बसले.

मी स्टेजवर आले, समोर बघितलं आणि दुसऱ्या रांगेत अप्पा! हातातला कागद दिसेना. आणि नेमकं तेव्हाच मागून, मैदानाच्या टोकाकडून, आरोळी आली. "हाय मनीषा!" मग दुसरी, तिसरी, शंभर पोरं.

मी विंगेत तुझ्याकडं बघितलं. तू मानेनं काही खुणावलंसुद्धा नाहीस. हाताची घडी घालून नुसती उभी होतीस, बसची वाट बघावी तशी. मला त्या वेळी तुझा संताप आला. आता कळतं, की तू जराही पुढं आली असतीस तर मी माईक तुझ्या हातात देऊन मोकळी झाले असते.

मी कागद खाली ठेवला. "हाय!" मी म्हटलं. मैदान जरा शांत झालं. "हाय म्हंजे आहे. आमच्या फुलंब्रीला असंच म्हणतात. मी फुलंब्रीची मनीषा, मी इथं हाय, अन् कार्यक्रम संपस्तोर इथंच राहणार हाय. आता तुमच्यातलं कोण कोण कुठून कुठून हाय, ते मला सांगा. पैठण हाय का?" एका कोपऱ्यातून "हाय!" आलं. "सिल्लोड हाय का?" "हाय!" "वैजापूर?" "हाय!" "गंगापूर? कन्नड? खुलताबाद?" बघता बघता ती चिडवायची आरोळी राहिलीच नाही. खेड्यातून आलेली सगळी पोरं-पोरी, जी वर्षानुवर्षं शहरातल्यांपुढं तोंड मिटून बसत होती, ती उभी राहून आपापल्या गावाचं नाव घेऊ लागली. मला पुढचा सगळा कार्यक्रम आठवतो. एकही शेर टाकला नाही. काही अडलं नाही.

शेवटी मी खाली आले तेव्हा अप्पा फाटकाशी तुझ्याजवळ उभे होते. त्यांनी तुला विचारलं, "आडनाव काय म्हणालीस, पोरी?" तू आडनाव सांगितलंस. आणि आडनावामागं जे विचारायचं होतं पण विचारलं नव्हतं, तेही सांगून टाकलंस. "आम्ही बौद्ध, काका. बजाजनगरला राहतो."

"बरं," अप्पा म्हणाले.

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. चौक्याचा घाट चढल्यावर म्हणाले, "आवाज लई मोठा झालाय तुझा." मग फुलंब्री जवळ आल्यावर, "दाखला ऱ्हाऊ दे. शिक." मला रडू फुटणार एवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं. "पण ती पोरगी घरी आणू नको."

मी ते तुला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं, आणि तू लपवू दिलं नसतंस. बाकावर बसून तू शेंगा सोलत होतीस. हातातली शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवलेस. मग म्हणालीस, "ठीक. मी येईन, पण त्यांनी बोलवल्यावर. तू नाय, त्यांनी."

हेच आपलं दुसरं भांडण, ताई, आणि ते पहिल्यासारखं हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. वर्षं गेली. माझी वकिली सुरू झाली. अप्पा बदलत गेले, मी डोळ्यांनी बघत होते. तुझी चौकशी करायचे. "तुझी ती मैत्रीण कशी हाय?" पेपरात अजिंठ्याचा फोटो आला की कापून ठेवायचे. मी तुला म्हणायचे, अगं ते बदललेत, तू फक्त एकदा ये, बाकी आपोआप होईल. तू म्हणायचीस, "बदललेत ना? मग फोन करू दे." मी म्हणायचे, त्यांच्या पिढीला असं तोंडानं म्हणता येत नाही. तू म्हणायचीस, "नको आणू म्हणताना आलं की तोंडानं." मी म्हणायचे, एक पाऊल टाकलंस तर काय बिघडेल? आणि तू म्हणायचीस, "दर वेळी पाऊल आम्हीच का टाकायचं, वकीलबाई?" अप्पांशी भांडायचे तर ते उठून शेतात जायचे. अजूनही मला वाटतं तू एकदा यायला हवं होतंस. आणि अजूनही मला वाटतं तुझं बरोबर होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे कोर्टात चालत नाही, पण घरात चालतं.

बाकी तू ठरवलंस ते केलंस. तू मास्तरीण व्हावंस असं तुझ्या वडिलांना वाटायचं, पण तू अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला खोली घेतलीस आणि गाइड झालीस. पहिल्या दिवशी मी आणि नसरीन मुद्दाम आलो होतो, लांबून बघत होतो. इंदूरचं एक मोठं कुटुंब तुझ्या वाट्याला आलं होतं. त्यातल्या कर्त्या पुरुषानं तुझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "मॅडम, असली गाइड किधर हैं?"

तू हसून म्हणालीस, "असली सामने खडी है, भाईसाब. नकली चाहिए तो नीचे पार्किंग में मिलेगा."

मग तू त्यांना पहिल्या लेण्यात नेलंस आणि काही न बोलता उभं केलंस. टॉर्च लावला नाहीस. "आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या," तू त्यांना हिंदीत समजावलंस, "घाई केली तर काहीच दिसत नाही." ते कुटुंब चुळबुळत उभं राहिलं. हळूहळू भिंतीतून पद्मपाणी वर आला, ते खाली झुकलेले डोळे, हातातलं कमळ, आणि त्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून "अरे!" असा लहान मुलासारखा आवाज निघाला. नसरीननं माझा हात दाबला. तुझ्या तोंडावर तेव्हा जो भाव होता तो मी कधी विसरणार नाही. लेण्याच्या मालकिणीसारखी उभी होतीस तू. मी मनात म्हटलं, ही माझी थोरली आहे. सगळ्यांना ओरडून सांगावं असं वाटत होतं.

फर्दापूरलाही तू गप्प बसली नाहीस. टुरिस्टांना दगडाच्या माळा विकणाऱ्यांच्या पोरी गोळा केल्यास आणि तिथं मंडळ काढलंस. त्यातल्या दोघी आज गाइड आहेत. कॉलेजातलं मंडळही चालू राहिलं. मोडका बाक जाऊन नवा आला, पण नवीन मुलगी अजून त्यावर चढून आपल्या बोलीत बोलते. तू दर वर्षी ऐकायला यायचीस. मागच्या खेपेला एक मुलगी गोधडी कशी शिवायची यावर बोलली आणि तू मला कोपरानं ढोसून म्हणालीस, "तुझ्या अद्रकपेक्षा लई भारी."

आजार कळल्यावर तू सगळ्यांना बजावलंस, तोंडं पाडून यायचं नाही. मी दुपारी हॉस्पिटलात यायचे. तू म्हणायचीस, "केस सांग." मी सांगायचे. बापाच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या एका बाईची केस चालू होती, ती तू सगळी ऐकलीस. मधेच जज्जासारखे प्रश्न काढायचीस. शेवटच्या दुपारी माझा युक्तिवाद चालू असतानाच तुझे डोळे मिटले. मी थांबले. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बोल की. ऐकू येतंय." मी बोलत राहिले. मला खरं तर वेगळंच काही म्हणायचं होतं. तू मला हजेरीत आणलंस, एवढंच. पण आभार मानलेले तुला खपायचे नाहीत. कुणी मानले की म्हणायचीस, "आभार कसले मानतीस? एखादी धाकटी कर, फिटलं." म्हणून मी केसच सांगत बसले. ती बाई जिंकली, ताई. निकाल तू गेल्यावर लागला.

तुला न्यायच्या दिवशी बजाजनगरची ती गल्ली बायांनी भरून गेली होती. मंडळाच्या किती वर्षांच्या मुली आल्या होत्या. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, एक फौजदार वर्दीतच. फर्दापूरच्या तुझ्या पोरी जीप करून आल्या. त्रिशरण झालं. पुरुष मंडळी पुढं सरकली, तेव्हा तुझी आई, आमची मावशी, उठली. मावशी रडत नव्हती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पोरींनो, उचला."

कुणीतरी जाणतं माणूस "बायांनी खांदा..." असं म्हणायला लागलं होतं, पण ते वाक्य पुरं झालं नाही. पुढं तुझा भाऊ आणि मी. मागं नसरीन आणि फर्दापूरची शीतल, तुझ्या हाताखाली शिकून गाइड झालेली. नसरीन बुटकी, तिरडी तिच्या बाजूनं कलायला लागली. "रुको, रुको, मेरी साइड उतर री," ती ओरडली. रडता रडता आम्ही हसलो. एका उंच मुलीनं तिच्या जागी खांदा दिला आणि नसरीन तुझ्या डोक्याशी हात लावून चालायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाया दारांतून बाहेर आल्या आणि मागं चालू लागल्या. शेवटपर्यंत आल्या. मी ताठ मानेनं चालले, ताई. दुःख होतं, पण मान खाली घालावी असं काही तू मागं ठेवलंच नव्हतंस.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी अप्पांना या म्हटलं नव्हतं. सकाळी ते अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून गाडीजवळ येऊन उभे राहिले. "मी पण येतो." तुमच्या घरात आल्यावर तुझ्या फोटोला फूल वाहिलं आणि मावशीपुढं जाऊन टोपी काढली.

"मी मनीषाचा बाप. फुलंब्रीहून आलो. तुमच्या पोरीला एकदा घरी जेवायला बोलवायचं होतं मला. मनात लई वर्षं होतं. तोंडातून निघालं नाय."

मला वाटलं मावशी म्हणेल, असू द्या, झालं ते झालं. अशा वेळी लोक तसंच म्हणतात. मावशी तसं म्हणाली नाही.

"निघायला पायजे होतं, भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "ती वाट बघत होती."

अप्पांची मान खाली गेली. माझीही. तू वाट बघत होतीस? इतकी वर्षं माझ्याशी भांडलीस, एकदाही हे सांगितलं नाहीस. मला वाटायचं हा तुझा मुद्दा आहे, तत्त्वाचा. त्याखाली तुला नुसतं यायचंही होतं, हे मला, तुझ्या धाकटीला, कळायला हवं होतं का? की तूच कळू दिलं नाहीस? आता हे कुणाला विचारू?

मावशीनं सतरंजी पुढं सरकवली. मग म्हणाली, "बसा. पंगत बसतीय. जेवून जायचं." अप्पा सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून बसले. तुझ्या वडिलांच्या शेजारी. शीतलनं वाढलं. दोन म्हातारे काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण तुझे वडील मधेच हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि अप्पा घास हातात धरून ऐकत होते. मावशीनं भाजी आणखी वाढायला आणली तेव्हा त्यांनी ताट पुढं केलं.

परतताना गाडी मी चालवत होते. सावंगी गेल्यावर अप्पा म्हणाले, "ते तुमचं मंडळ चालू हाय का अजून?"

"हाय की."

माझ्या भावाची मुलगी श्रावणी यंदा माझ्याच कॉलेजात गेली आहे. आठवडाभर झाला, घरी आली की कुणाशी बोलत नाही, असं वहिनी सांगत होती.

"श्रावणीला घ्यायचं झालं त्यात," अप्पा म्हणाले, "तर काय करावं लागतं?"

"तुम्ही काय करायचं नाय, अप्पा. तिला स्वतःला यावं लागतं. अन् जरा आगाऊ असावं लागतं."

अप्पांनी खिडकीची काच खाली केली, बाहेर बघितलं.

"ते शिकवतेत ना तिथं?"

"लई चांगलं शिकवतेत," मी म्हटलं.

सोमवारी मी कोर्टातून सुट्टी घेतली आहे, ताई. श्रावणीला घेऊन लिंबाच्या झाडाखाली जातेय.